बर्ड: छोट्या आयएसपीवाल्याची राउटिंग पॉलिसी वाचता येण्यासारखी करणारं सॉफ्टवेअर (आमचा रिव्ह्यू)

हा रिव्ह्यू बर्ड नावाच्या, ट्राफिक कोणत्या रस्त्यानं जाईल ते ठरवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरचा आहे, कुठल्या राउटरच्या डब्ब्याचा नाही. स्पीड अन पॅकेट पर सेकंद यावर मी जास्त बोलणार नाही, कारण आमच्यासारख्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात इंटरनेट देणाऱ्या माणसाची खरी डोकेदुखी स्पीड नसतेच, ती असते पॉलिसी. कोणाकडून कोणता रूट (आयपी पत्त्यांच्या एखाद्या गटाकडं जायचा रस्ता) घ्यायचा, कोणाला कोणता द्यायचा, नागपूरची एक लिंक बसली तर ट्राफिक दुसरीकडून कसं जायला पाहिजे, हे सगळं लिहायचं कसं, अन लिहिल्यावर ते आपण म्हणतो तसंच चालून राहिलं का नाही हे पाहायचं कसं. या एका बाबतीत बर्डनं आमचं काम एवढं सोपं केलं का मी ओळखीच्या प्रत्येक केबलवाल्याला हेच सांगतो.

आमचं सेटअप थोडक्यात सांगतो. आधी केबल टीव्ही, मग फायबर, सी कॅटेगरीचं लायसन्स, स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या जाळ्याची ओळख) अन थोडेसे स्वतःचे आयपी. नागपुरात दोन अपस्ट्रीम (ज्यांच्याकडून आम्ही इंटरनेट विकत घेतो), एक पीअरिंग (बरोबरीच्या जाळ्याशी थेट देवाणघेवाण), अन बाजूच्या तालुक्यातला एक छोटा ऑपरेटर आमच्याकडून बीजीपीवर (जाळी एकमेकांना रूट सांगतात तो प्रोटोकॉल) बँडविड्थ घेते. सर्व्हर नागपूरच्या डेटा सेंटरमध्ये अन आम्ही इकडं गावात. एवढ्याशा जाळ्यात कसली आली पॉलिसी असं बाहेरच्याला वाटते, पण असे चार शेजारी म्हटले का प्रत्येकाचं आत येणं वेगळं, बाहेर जाणं वेगळं, त्यात आयपी व्ही४ वेगळं व्ही६ वेगळं, सोळा याद्या झाल्या की हो. अन ह्या सोळा याद्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, एकीत नवीन ग्राहकाचा प्रिफिक्स (त्याच्या आयपी पत्त्यांचा गट) टाकला अन दुसरीत राहिला तर ग्राहकाचं नेट अर्ध्या जगातून चालते अन अर्ध्यातून नाही, मग फोन सुरू.

आधी आम्ही ज्या राउटरवर होतो त्याचं नाव नाही घेत, पण पद्धत रूट-मॅपची होती, जी बहुतेक जणांच्या ओळखीची आहे. १०, २०, ३० असे नंबर, प्रत्येक नंबरला परमिट किंवा डिनाय, त्याच्या आत मॅच, मॅचमध्ये प्रिफिक्स-लिस्टचं नाव, अन त्या प्रिफिक्स-लिस्टला पुन्हा तिचं स्वतःचं परमिट-डिनाय. आता कोणीही समजेल का प्रिफिक्स-लिस्टमध्ये डिनाय लागलं म्हणजे रूट बाहेर फेकल्या गेला. तसं नाही! तिथल्या डिनायचा अर्थ एवढाच का हा नंबर मॅच झाला नाही, रूट पुढच्या नंबरवर गेला, अन पुढचा नंबर काहीच मॅच न लिहिलेला मोकळा परमिट असला तर तोच रूट आरामात आत येते. आमच्याकडं पुसदवरून डिप्लोमा करून आलेला एक पोट्टा आहे, हुशार आहे, त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "दादा, इथं डिनाय लिहिलं आहे तरी हा रूट टेबलात काहून दिसून राहिला?" प्रश्न बरोबर होता. लिहिलेलं वाचून जे समजते ते अन राउटर जे करते ते, या दोघात एवढं अंतर असायला नको.

बरं त्यात कंटिन्यू (म्हणजे इथं न थांबता अमुक नंबरवर जा) आलं का अजून गोंधळ, नंबर १० वरून उडी ४० वर, अन शेवटी न लिहिलेला डिनाय असतोच. असं कॉन्फिग ज्यानं लिहिलं तोच वाचू शकते, अन आमच्याकडं ज्या ठेकेदारानं लिहिलं होतं तो काम सोडून गेला होता.

बर्डचं थोडं सांगतो कारण इकडं लोकांना नाव माहीत नसते. १९९८ च्या सुमारास प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट म्हणून हे सुरू झालं, आता चेक देशाचं डॉट-सीझेड डोमेन सांभाळणारी सीझेड डॉट निक ही संस्था ते बनवते. जीपीएल लायसन्स, एक रुपया लागत नाही, डेबियन लिनक्समध्ये तयार पॅकेज आहे. मोठमोठ्या इंटरनेट एक्स्चेंजच्या (जिथं अनेक जाळी एकमेकांना जोडल्या जातात) रूट सर्व्हरवर हेच चालते, म्हणजे शेकडो शेजाऱ्यांचे फिल्टर जिथं एका ठिकाणी लागतात तिथं. २०१७ मध्ये दुसरं व्हर्जन आलं अन व्ही४ अन व्ही६ एकाच प्रोग्राममध्ये आले, त्याआधी दोन वेगळे चालवावे लागायचे.

मुख्य गोष्ट म्हणजे यात पॉलिसी ही नंबरांची यादी नाहीच, ती एक छोटासा प्रोग्राम आहे. इफ, देन, एल्स, फंक्शन, अन शेवटी ॲक्सेप्ट नाहीतर रिजेक्ट. वरून खाली वाचत जा, जिथं पहिलं ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट लागलं तिथं निकाल लागला, पुढं पाहायचंच नाही. आमचं ग्राहकाकडून रूट घ्यायचं फिल्टर मोठ्यानं वाचलं तर असं वाचल्या जाते: प्रिफिक्स बोगॉनच्या (इंटरनेटवर दिसायलाच नको अशा पत्त्यांच्या) यादीत असला तर रिजेक्ट. /२४ पेक्षा लहान तुकडा (२५६ पेक्षा कमी पत्ते) असला तर रिजेक्ट. पाथमध्ये (रूट कोणकोणत्या एएसमधून आला त्या यादीत) खासगी एएस नंबर असला तर रिजेक्ट. आरपीकेआय (प्रिफिक्स जाहीर करायचा हक्क कोणाचा ते तपासायची व्यवस्था) इनव्हॅलिड म्हणत असलं तर रिजेक्ट. या ग्राहकाच्या यादीत नसला तर रिजेक्ट. इथपर्यंत टिकला तर लोकल प्रेफरन्स २०० (आकडा मोठा तेवढी पसंती जास्त), 'ग्राहकाकडून आला' हा शिक्का, अन ॲक्सेप्ट. झालं. यातल्या प्रत्येक वाक्याला एक ओळ लागते, अन बोगॉन, लांबी, पाथ, आरपीकेआय ह्या चारही तपासण्यांचं एकच फंक्शन करून ठेवलं आहे, तेच फंक्शन अपस्ट्रीमलाही लागते, पीअरलाही लागते, ग्राहकालाही. म्हणजे बोगॉनची यादी बदलायची असली तर एका जागी बदलली का सगळीकडं बदलली. सोळा याद्यांचं जे दुखणं होतं ते इथंच अर्धं गेलं.

प्रिफिक्सची यादी लिहायची पद्धत पण मला फार आवडली. १०.०.०.०/८ च्या मागं प्लस लावला का तो अन त्याच्या पोटातले सगळे तुकडे आले. महिरपी कंसात २०,२४ लिहिलं का /२० ते /२४ एवढेच. आतून ही यादी ट्रीसारखी साठवल्या जाते म्हणून ती हजारो ओळींची झाली तरी तपासायला वेळ लागत नाही. अन ग्राहकाची यादी हातानं लिहायचीच नाही, बीजीपीक्यू४ नावाचं एक टूल आहे, ग्राहकाचा एएस-सेट (त्याच्या एएस नंबरांच्या गटाचं नाव) दिला का ते आयआरआर डेटाबेसमधून (कोणाचे रूट कोणते याची नोंद असते तिथून) प्रिफिक्स काढून सरळ बर्डच्या भाषेत यादी देते. आम्ही ते रात्री आपोआप चालवतो.

दोन गोष्टींत बर्ड कडक आहे अन ते मला योग्य वाटते. एक, बाहेरच्या एएससोबतच्या सेशनवर (बीजीपीच्या जोडणीवर) इम्पोर्ट अन एक्स्पोर्ट पॉलिसी लिहिलीच नाही तर दुसरं व्हर्जन कॉन्फिग घेतच नाही, सरळ एरर. २०१७ च्या आरएफसी ८२१२ चं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा कागद) म्हणणं हेच आहे का पॉलिसी नसली तर काही घेऊ नका अन काही देऊ नका. दोन, फिल्टरच्या शेवटी ॲक्सेप्ट-रिजेक्ट काहीच आलं नाही तर रूट आत जात नाही अन लॉगमध्ये स्पष्ट येते का या फिल्टरनं हो पण म्हटलं नाही अन नाही पण म्हटलं नाही, काय ते ठरवा. न लिहिलेला नियम गुपचूप चालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता शिक्क्याबद्दल. माझ्या मते पॉलिसी सोपी करायचा खरा मार्ग हाच आहे, बर्ड त्यासाठी फक्त चांगली जागा देते. जिनिंगच्या गेटवर कापसाची गाडी आली का तिला चिठ्ठी लागते, पुढं आत काटा असो का खाली करणं, सगळे त्या चिठ्ठीवरच चालतात, कोणी पुन्हा विचारत नाही गाडी कुठली. तसंच रूट आत येतानाच त्याला कम्युनिटी (रूटवर आकड्यांचा शिक्का) लावून टाकायची: ग्राहकाचा, पीअरचा, का अपस्ट्रीमचा. बाहेर देताना प्रिफिक्स पाहायचाच नाही, फक्त कम्युनिटी पाहायची. अपस्ट्रीमला काय द्यायचं? ग्राहकाचा शिक्का असलेले अन आपले स्वतःचे, बाकी रिजेक्ट. पीअरला काय द्यायचं? तेच. ग्राहकाला काय द्यायचं? सगळं. म्हणून उद्या नवीन ग्राहक आला तर बाहेर जायच्या एकाही फिल्टरला हात लावावा लागत नाही, आत यायचं एक लिहिलं का संपलं.

इथं आपल्याकडच्या नवीन आयएसपींसाठी एक महत्त्वाचं आहे. आपले एएस नंबर आता सहा आकडी येतात, अन जुन्या साध्या कम्युनिटीच्या पहिल्या भागात ६५५३५ च्या वरचा नंबर बसतच नाही. म्हणून लार्ज कम्युनिटी वापरा, २०१७ ची आरएफसी ८०९२, त्यात तीन भाग अन तिन्हीत मोठे नंबर बसतात. बर्डमध्ये ती सरळ मिळते. अन आत येताना सगळ्यात आधी आपल्या नंबरच्या जेवढ्या लार्ज कम्युनिटी बाहेरून आल्या तेवढ्या पुसून टाकायच्या, एका ओळीचं काम आहे, नाहीतर बाहेरचा कोणी आपलाच शिक्का लावून रूट पाठवेल अन आपण तो ग्राहकाचा समजून जगाला देऊ.

आता तपासण्याबद्दल, कारण लिहिणं सोपं झालं तरी लावायची भीती राहतेच. सर्व्हर नागपूरला, आम्ही इकडं, चुकीचं कॉन्फिग लागलं अन आपलाच रस्ता तुटला तर एसटीनं किंवा गाडीनं तीन-चार तास, मे महिन्यात तर विचारूच नका. बर्डमध्ये आधी नुसतं तपासता येते, फाइल वाचून सिंटॅक्स बरोबर आहे का सांगते, काहीच लावत नाही. मग लावायचं ते टाइमआउटसोबत लावायचं: काही सांगितलं नाही तर ३०० सेकंद, तेवढ्यात आपण कन्फर्म म्हटलं नाही तर बर्ड आपोआप जुन्या कॉन्फिगवर परत जाते. रस्ता तुटला तर आपण कन्फर्म म्हणूच शकणार नाही, म्हणजे पाच मिनिटांत सगळं जसंच्या तसं. ही एक सोय खेड्यातल्या माणसासाठी सोन्यासारखी आहे. अन नुसतं फिल्टर बदललं तर सेशन पडत नाही, रूट पुन्हा फिल्टरमधून जातात एवढंच.

पण मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट वेगळीच आहे. नवीन फिल्टर लिहून कॉन्फिगमध्ये नुसतं ठेवायचं, कुठल्याच शेजाऱ्याला लावायचं नाही. मग बर्डसीमध्ये (बर्डला कमांड द्यायचा प्रोग्राम) शो रूट म्हणायचं अन सोबत त्या फिल्टरचं नाव द्यायचं. चालू टेबलातले सगळे रूट त्या फिल्टरमधून जातात अन फक्त पास झालेले दिसतात, मागं काउंट लावलं तर नुसता आकडा. म्हणजे खऱ्या मालावर चाचणी, अन खऱ्या ट्राफिकला धक्का नाही. त्या पोट्ट्याला मी हेच शिकवलं, आधी कागदावर लिही का तुझ्या मते किती रूट पास व्हायला पाहिजेत अन कोणते, मग कमांड दे, मग जुळव. आता तो मला न विचारता पीअरचं फिल्टर बदलते अन मला झोप लागते. बाहेर काय चाललं तेही तसंच, शो रूट एक्स्पोर्ट म्हणून शेजाऱ्याचं नाव दिलं का त्याला जे जे चाललं ते समोर, अन नोएक्स्पोर्ट म्हटलं का जे अडवलं ते.

यंदाच्या उन्हाळ्यात याचा खरा कस लागला. बाजूच्या तालुक्यातल्या ऑपरेटरनं राउटर बदलला, त्याच्याकडं दुसऱ्या एका प्रोव्हायडरची पण लिंक आहे, अन नव्या राउटरवर बाहेर द्यायचं फिल्टर लागलंच नव्हतं, म्हणून त्या प्रोव्हायडरकडून आलेले जगभरातले लाखो रूट त्यानं आमच्याकडं पाठवायला सुरुवात केली. ग्राहकाचा रूट आम्ही २०० प्रेफरन्सनं घेतो, अपस्ट्रीमचा १०० नं, म्हणजे हे रूट आत आले असते तर आमच्या सगळ्या गावांचं इंटरनेट त्या बिचाऱ्याच्या छोट्याशा लिंकवरून जायला लागलं असतं, अन शिक्का ग्राहकाचा असल्यामुळं आम्ही तेच पुढं अपस्ट्रीमलाही दिले असते. झालं काहीच नाही. यादीत नाही, रिजेक्ट, प्रत्येक रूटला हेच. त्याच्या सेशनवर आम्ही रिसीव्ह लिमिट (त्याच्याकडून किती रूट यावेत त्याची मर्यादा) ठेवलं आहे अन त्यावर ॲक्शन वॉर्न आहे, म्हणजे नुसता इशारा, सेशन पाडायचं नाही, कारण पाडलं तर त्याच्या घरोघरच्या ग्राहकांचं नेट जाईल अन त्यांचा काय दोष. लॉगमध्ये वॉर्निंग दिसली, शो रूट फिल्टर्ड म्हटलं तर पूर्ण टेबल त्यात पडलेलं. फोन लावला, "भाऊ, तुमच्या नव्या राउटरवरून पूर्ण टेबल आमच्याकडं येऊन राहिलं, एक्स्पोर्ट पहा." ते म्हणाले, "थांबा दादा, पाहतो," अन थोड्या वेळात बंद झालं. कोणाच्या घरातला टीव्ही पण अडकला नाही.

हे फिल्टर्ड पाहायचं असलं तर कॉन्फिगमध्ये इम्पोर्ट कीप फिल्टर्ड ऑन करून ठेवा, नाहीतर रिजेक्ट झालेले रूट बर्ड ठेवतच नाही. थोडी मेमरी जास्त खाते, खाऊ द्या.

कोणाला वाटेल ग्राहकावर एवढा अविश्वास कशाला. २४ फेब्रुवारी २००८ आठवा. पाकिस्तान टेलिकॉमनं देशात यूट्यूब बंद करायला २०८.६५.१५३.० चा /२४ आपल्या जाळ्यात टाकला, तो बाहेर त्यांच्या अपस्ट्रीमकडं गेला, अपस्ट्रीमनं ग्राहकाचा रूट न तपासता पुढं दिला, यूट्यूबचा स्वतःचा रूट /२२ होता, /२४ जास्त नेमका म्हणून जगानं तोच धरला अन दोनेक तास जगभर यूट्यूबचे हाल झाले. त्या अपस्ट्रीमकडं "ग्राहकाच्या यादीत नसला तर रिजेक्ट" ही एक ओळ लागली असती तर गोष्ट पाकिस्तानातच राहिली असती. आपण लहान असलो तरी कोणाचे तरी अपस्ट्रीम आहोतच.

आरपीकेआयचं थोडक्यात: रूटिनेटर हे फुकट व्हॅलिडेटर बाजूला चालवायचं, बर्ड त्याच्याकडून आरओए (कोणत्या एएसला कोणता प्रिफिक्स जाहीर करता येते त्याची नोंद) घेते, फिल्टरमध्ये एक रोआ-चेक. आरओए बदलले का जुने रूट पुन्हा तपासल्या जातात. काम करते, तक्रार नाही.

आता जे नाही पटलं ते. पहिलं, एखादा रूट रिजेक्ट झाला तर कोणत्या ओळीनं केला हे बर्ड स्वतःहून सांगत नाही. फिल्टरमध्ये प्रिंट टाकून लॉगमध्ये लिहून घ्यावं लागते, अन प्रिंट पूर्ण टेबलावर लावला तर लॉग फुगून जाते, म्हणून एखाद्या प्रिफिक्सपुरताच लावा. एवढी चांगली भाषा आहे तर "हा रूट दे, कोणत्या ओळीवर अडला ते सांग" अशी एक कमांड पाहिजेच होती, हे मला मनापासून वाटते. दुसरं, सेमीकोलन राहिला का सिंटॅक्स एरर अन ओळीचा नंबर, नवीन पोरांना यात वेळ जाते. तिसरं, डॉक्युमेंटेशन पूर्ण आहे पण ते माहिती असलेल्यासाठी लिहिलेलं आहे, उदाहरणं कमी, सुरुवात करणाऱ्याला त्यातून रस्ता सापडत नाही. चौथं, बर्ड पॅकेट पाठवत नाही, ते काम लिनक्स कर्नलचं, म्हणजे सर्व्हर अन नेटवर्क कार्ड चांगलं घ्या. आयएस-आयएस (आपल्याच जाळ्याच्या आतल्या राउटिंगचा प्रोटोकॉल) चालवणाऱ्यांनी इकडं येऊ नये, ते यात नाहीच, त्याच कामाचं ओएसपीएफ आहे.

बाकी पर्याय. एफआरआर २०१७ मध्ये क्वागा नावाच्या जुन्या राउटिंग सॉफ्टवेअरपासून वेगळं निघालं, चांगलं सॉफ्टवेअर आहे, कमांड ओळखीच्या वाटतात, पण पॉलिसी पुन्हा रूट-मॅपमध्येच. ओपनबीजीपीडीमध्ये शेवटचा मॅच झालेला नियम जिंकते, क्विक लिहिलं तरच तिथं थांबते, ज्याला ती सवय आहे त्याला चालेल, मला पहिला निकाल शेवटचा असणंच बरं वाटते. मायक्रोटिकच्या राउटरओएसनं सातव्या व्हर्जनमध्ये फिल्टर इफ-एल्ससारखे केले, ते आधीपेक्षा खूप वाचनीय झाले, ज्यांच्याकडं ते डब्बे आधीच आहेत त्यांनी निदान तेवढं तरी नीट वापरावं. सिस्कोच्या आयओएस-एक्सआरची पॉलिसी लँग्वेज वाचायला छान आहे, पण त्या राउटरची किंमत तालुक्याच्या बजेटात बसत नाही.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या "कोणत्या ओळीवर अडला" साठी कापला. व्हर्जन म्हणाल तर आम्ही दुसऱ्याच सिरीजवर आहोत. तिसरं डिसेंबर २०२४ मध्ये आलं, ते अनेक थ्रेडवर (प्रोसेसरच्या अनेक कोरवर एकाच वेळी) चालते, जिथं खूप शेजारी आहेत त्यांना त्याचा फायदा, आमच्या चार शेजाऱ्यांना दुसरं भरपूर झालं.

घ्यायचं असलं तर एकदम जुना राउटर काढू नका. बर्ड बाजूला उभं करा, जुन्या राउटरकडून त्याला पूर्ण टेबल द्या, एक्स्पोर्ट नन ठेवा म्हणजे ते बाहेर काहीच बोलणार नाही, अन मग आरामात फिल्टर लिहून शो रूटनं तपासत बसा. आकडे जुळायला लागले का आधी पीअरिंग हलवा, मग ग्राहक, अपस्ट्रीम सगळ्यात शेवटी, तेही एका वेळी एक. कोणाला आमच्या फिल्टरचा नमुना पाहिजे असला तर खाली सांगा, ग्राहकांचे नंबर काढून देतो.